निरोगी नमुना

९ जानेवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडून टाकायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, एवढाच माझा फायदा.

तुझी लेक मजेत आहे, हे पहिलं. बँकेतली नोकरी सोडून ती माझ्याकडे आली ती मी बोलावलं म्हणून, असं तू दोन वर्षं धरून बसली आहेस. मी बोलावलं नव्हतं. पण बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा परतवूनही लावलं नाही, हेही खरं. "माझी पोरगी नेलीस, आता मला बहीण नाही," असं तू म्हणालीस. बरं, नसेल बहीण. पोरीला मावशी आहे ना, तेवढ्या नात्याने लिहिते.

भिंगरी हल्ली जरा मंदावली आहे. लहानपणी एका जागी दोन घटका बसायची नाही, आता दुपार झाली की स्टुलावरच पेंगते. मोबाइल बघत जागते, दुसरं काय! नाक सारखं चोंदलेलं. रुमालावर कधी कधी रक्ताचा ठिपका दिसतो, ते शिंकरून शिंकरून. प्रयोगशाळेतला एसी तिला मानवत नाही. हे वाचून लगेच 'मावशीने पोरीचे हाल केले' म्हणून डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणाकडे करू? पोरीच्या हाताला वळण नाही.

आमचं काम काय ते तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एका पेशीइतकंच जाड. बाळंतपणानंतर टाकून दिलेल्या नाळेतून आम्ही त्या पेशी काढतो आणि प्लेटमधल्या छोट्या छोट्या वाट्यांत वाढवतो. नीट वाढल्या की मायक्रोस्कोपखाली फरशी बसवल्यासारख्या दिसतात, एकीला एक चिकटून. मग त्यांच्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडायच्या. या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी. जंतू आला की तुटून पडायचं, एवढं त्यांचं काम. पण काही माणसांत या पहारेकऱ्यांचं डोकं फिरतं आणि ते आपल्याच रक्तवाहिन्यांचं अस्तर फाडायला लागतात. कुंपणच शेत खातं. अशा रोग्यांचं रक्त आमच्याकडे हॉस्पिटलातून येतं. एका वाटीत रोग्याच्या पेशी टाकायच्या, शेजारच्या वाटीत निरोगी माणसाच्या. रोग्याच्या वाटीतली फरशी उखडते, निरोग्याची जागच्या जागी राहते. राहिली पाहिजे, नाहीतर आमच्या प्रयोगाला काडीचा अर्थ नाही.

आता निरोगी माणूस कुठून आणायचा? आमच्याकडे रीत आहे. जो सगळ्यात नवा, त्याने बाही वर करायची. बदल्यात चहा आणि क्रीमची बिस्किटं. भिंगरी आधी कोर्स पुरा करून सगळ्यांत शेवटी रुजू झाली, म्हणून गेले काही महिने हा मान तिच्याकडे आहे, आणि प्लेटही तीच लावते. तेव्हापासून निरोग्याची फरशीसुद्धा उखडलेली निघते. दर वेळी! एवढे महिने पाण्यात.

कालच्या बैठकीत ती हळूच म्हणाली, "मॅडम, इन्क्युबेटर बिघडला असेल का?" प्रयोगशाळेत ती मला मॅडम म्हणते, घरी मावशी. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." हशा पिकला. तीही हसली. तुझ्यासारखीच हसते, ओठ मिटून.

तू असतीस तर म्हणाली असतीस, चारचौघांत बोलायला नको होतं. असो. शिस्त लागायला हवी.

तुझी धाकटी


२७ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

इन्क्युबेटर बदलला. पेशींचं खाद्य बदललं, प्लेट बदलल्या, नाळा दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवल्या. फरशी उखडतेच आहे. आता बदलायचं राहिलं आहे ते एकच, तुझ्या लेकीचे हात. बिचारी ते इतक्या वेळा धुते की बोटांची सालं निघाली आहेत. मी म्हटलं, "अगं, हात स्वच्छ असून भागत नाही, स्थिर लागतो." तर म्हणाली, "सांधे दुखतात गं." या वयात सांधे! आपली आई सत्तरीतही जिने धावत चढायची.

चालतेही जरा लंगडत. नवे बूट घेतले आहेत, ते चावतात. पायावर लाल ठिपके उठलेत, मोज्यांची ॲलर्जी असणार. मी क्रीम आणून दिलं.

काल भांडी घासता घासता म्हणाली, "मावशी, माझ्या हाताला गुणच नाही. मी परत जाते."

"जा की. आईला काय सांगशील?"

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "तिला काही सांगू नकोस हं. ती म्हणेल, बघ, मी सांगितलं होतं." तेव्हा मी हे तुला सांगितलं नाही असं समज.

मी ठरवलंय की आता पुढचा प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत मी स्वतः करून दाखवणार. तू मला शिवण शिकवताना कशी वैतागून सुई हातातून काढून घ्यायचीस, तसं. तिने फक्त बाही वर करायची आणि बघत बसायचं. एकदा फरशी जागच्या जागी राहिलेली दाखवली की मुकाट शिकेल.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

प्लेट मी लावली होती. पेशी मी वाढवल्या, मी मोजल्या, मी सोडल्या. तिने फक्त बाही वर केली होती. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावला तर निरोग्याच्या वाटीत फरशी नव्हतीच. कडेकडेला चार तुकडे, बाकी सगळं मोकळं, आणि मध्ये पांढऱ्या पेशींचे पुंजके. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. मग भिंग पुसलं. मग शेजारच्या रोग्याच्या वाटीत बघितलं. दोन्हींत डावं-उजवं करता येत नव्हतं.

मला आधी काय वाटलं असेल? राग आला. वाटलं, माझाही हात बिघडला की काय! म्हणून पुन्हा लावला. या वेळी माझं रक्त काढायला लावलं, आमच्या मशीनवाल्याचं काढायला लावलं आणि तिचंही. माझी फरशी शाबूत. मशीनवाल्याची शाबूत, आणि तो तर दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढतो. तिची उखडली.

त्याच वाट्यांतलं पाणी केमोकाइन मोजायला मशीनवर दिलं. केमोकाइन म्हणजे काय ते सांगते, सांगता सांगता माझंच मन थाऱ्यावर येईल. आपल्या घरी भांडण पेटलं की काकू आत्याला निरोप धाडायची, आठवतं? आत्या मामाला कळवायची. जो यायचा तो भांडण मिटवायला यायचा, आणि येताना आणखी दोघांना बोलावून यायचा. संध्याकाळपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसायची आणि भांडण कशावरून लागलं ते कोणालाच आठवत नसायचं. केमोकाइन म्हणजे तो निरोप. दुखावलेलं अस्तर निरोप धाडतं, पांढऱ्या पेशी धावत येऊन चिकटतात, अस्तर आणखी फाडतात, आणि स्वतःच पुढचे निरोप धाडतात. निरोगी अंगात हे कुठेतरी थांबतं. तिच्या वाटीतला आकडा आमच्या सगळ्या रोग्यांच्या वर होता.

मशीनवाला म्हणाला, "मॅडम, नळ्यांची अदलाबदल झाली का?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मशीनच बंद करून टाकलं.

तू काळजी करू नकोस. वाटीतलं सगळंच अंगात खरं ठरतं असं नाही. उद्या एक साधी तपासणी करून घेतो. काही निघणार नाही.


१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

निघालं.

काल तुला लिहिलं ते खोटं होतं, निदान शेवटचं वाक्य तरी. मला काल सकाळीच कळलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नळ्यांत हाच आजार बघते आहे, मला नाही कळणार?

तिला सांगायचं कसं, हेच सुचत नव्हतं. चहाच्या खोलीत नेलं, दार लावलं. म्हटलं, "भिंगरी, तुझा हात चांगला आहे. चूक हातात नव्हती." ती आधी हसली, खरंच खूश झाली गं! म्हणाली, "बघ, म्हटलं होतं ना!" आणि मग माझं तोंड बघून थांबली.

"मग कशात होती?"

मी तिच्या दंडाकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही, कामच ते करते. तिने खाली वाकून पॅंट वर केली. मला वाटत होते तसे चार-दोन ठिपके नव्हते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जांभळ्या पुरळाने पाय भरले होते, दोन्ही. मी क्रीमची ट्यूब टेबलावर ठेवून दिली होती, पाय बघितलाच नव्हता. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, लघवी चहासारखी होते. बरेच दिवस. मला वाटलं पाणी कमी पिते."

मी तशीच तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. आमच्याकडे रोग्यांचं रक्त पाठवतात, तेच हॉस्पिटल. किडनीचे डॉक्टर मला ओळखतात. म्हणाले, "या या, आज नमुने न्यायला स्वतः आलात?" तिनेच पुढे होऊन सांगितलं, "नमुना मीच आहे."

ताई, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर फाटलंय. किडनीचं काम अर्ध्याच्याही खाली आलंय. आज मशीनवर घालून रक्त साफ केलं, पुन्हा करावं लागेल. उद्या किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणार आहेत. औषधं तातडीने सुरू केली, पहारेकऱ्यांना झोपवणारी. तेवढ्या काळात साधा जंतूही तिला भारी पडू शकतो. फुफ्फुसात हेच सुरू झालं तर काय, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे, मला कशाला विचारता?" मला माहीत आहे. तुला लिहवत नाही.

आणि त्यांनी सहज विचारलं, "लक्षात कसं आलं?" मी प्रयोगाचं सांगितलं. म्हणाले, "म्हणजे महिनोन्महिने तुमच्या डोळ्यांसमोर होतं!" त्यांना टोमणा मारायचा नव्हता, ते खरंच चकित झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आपण शाळेत घोकलं. मी नाळा दुसऱ्या गावाहून मागवत होते, आणि चोर सोडून त्या पोरीच्या हातांना फाशी देत होते.

तुला कळवायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली आहे. शपथ मोडून लिहिते आहे. फोन तू घेणार नाहीस आणि दाजींचं हृदय असं नाजूक, त्यांच्या कानावर एकदम घालायची हिंमत नाही. ताई, हे पत्र फाडू नकोस. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. आधी ये.


१७ फेब्रुवारी

ताई,

अजून तू आली नाहीस. कदाचित वाटेत असशील. कदाचित पत्र फोडलंच नसशील. उद्यापर्यंत वाट बघते, नाहीतर दाजींना फोन लावते. आता हृदयाचं काय व्हायचं ते होवो.

आज मी तासभर प्रयोगशाळेत गेले होते. हॉस्पिटलातून रोग्यांच्या नमुन्यांची पेटी आली होती, नेहमीसारखी, बर्फात. झाकण उघडलं, नळ्या एकेक काढून लावायला लागले, आणि एका नळीवर तिचं नाव! नाव असायला नको, नुसता क्रमांक हवा. घाईत कोणीतरी चिठ्ठी तशीच ठेवली होती. आजवर इतक्या पेट्या उघडल्या, कोणाची तरी भिंगरी त्यात असेल हे कधी मनात आलं नाही. मशीनवाल्याने पाणी आणून दिलं.

संध्याकाळी तिला म्हटलं, "तुझं रक्त कशाला दिलंस आता?"

म्हणाली, "त्यांनी विचारलं, मी सही केली. आता तरी माझी वाटी उखडली तर कोणी हसणार नाही ना?"

सहज म्हणाली गं. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.


८ मार्च

ताई,

तू आलीस, तिच्याजवळ राहिलीस आणि दाजींची सोय लावायला चार दिवसांसाठी परत गेलीस, या सगळ्यात माझ्याशी एकदाच बोललीस. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी तुला सगळं समजावत होते. अस्तर, पांढऱ्या पेशी, केमोकाइन, आकडा किती होता, किती झाला. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तू माझ्या पोरीचं रक्त रोज बघत होतीस. पोरगी बघितली नाहीस." आवाजही चढवला नाहीस. तू ओरडली असतीस तर मी काहीतरी उलट बोलले असते, आपली सवयच ती.

ती तुला रोज फोन करते, मला माहीत आहे. 'बरी आहे' म्हणून सांगते. मलाही तेच सांगायची. म्हणून ती काय सांगते ते सोड. काल सकाळपासून मी तिला नुसती बघते आहे. बघितलेलं लिहिते.

चेहरा सुजला आहे, पण तो औषधांनी. डोळ्यांखालची सूज कालच्यापेक्षा कमी. डाव्या पायावरचे डाग विटून तपकिरी झालेत, उजव्या घोट्याजवळ अजून जांभळे आहेत. नवा ठिपका एकही नाही, मी टॉर्च लावून बघितलं तेव्हा ती खेकसली, "मावशी, मी काय प्लेट आहे?" बोटांची सालं निघायची थांबली. केस गळतात. उशीवरचे उचलताना तिने मला पाहिलं, मी लपवले नाहीत. सूप प्यायली, अर्धी वाटी, आणि मीठ नाही म्हणून मला दोन शिव्या घातल्या. झोपेत तोंड किंचित उघडं राहतं आणि उजवा हात गालाखाली घेते. लहानपणीही घ्यायची का? मला आठवत नाही. तुला आठवत असेल.

एक गोष्ट तिने मला विचारली, ती तू विचारलीस तर मला सांगता येणार नाही म्हणून लिहून टाकते. म्हणाली, "पूर्ण बरी होईन?" मी म्हटलं, "माहीत नाही. किडनी किती परत येते ते कळायला महिने लागतील. हा आजार झोपतो, पण उठतोही." तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "बरं झालं खरं सांगितलंस. आईलाही असंच सांग." तेव्हा सांगते आहे.

गुरुवारी रक्त साफ करायला मशीनवर न्यायचं होतं, डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले, थोडं बघू, अंग स्वतः काय करतं ते. काल रात्रभर मी तिच्या उशाशी बसून होते. आज दुपारी ती म्हणाली, "मावशी, लघवीला लागली आहे." नर्स दुसऱ्या खाटेपाशी होती. भांडं मीच धरलं. पडद्याबाहेर येऊन खिडकीशी नेलं आणि उजेडात बघितलं. मायक्रोस्कोपखाली त्यात अजून बारीकसं रक्त सापडेल, मला ठाऊक आहे. मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. भांडं हातात घेऊन मी तिथेच रडायला लागले. वॉर्डातली माणसं बघायला लागली, तिला वाटलं काहीतरी वाईट झालं, ती आतून हाका मारायला लागली.

पिवळी होती, ताई. साधी पिवळी.